माझ्या नाकावरचं कुंकू

मी 'माहेरवाशीण' बोलतेय. नावावरून फसू नका, मी बाई नाही. मी एक बोट आहे. अठरा फूट लांब, पोटात दोन माणसं आडवी होतील एवढी खोली, मागे टांगलेलं इंजिन आणि खाली दोन चाकांचा ट्रेलर. समुद्रापासून कितीतरी लांब, बारामतीतल्या एका बंगल्याच्या अंगणात प्राजक्ताच्या झाडाखाली मी उभी आहे. उद्या सकाळी मला पाण्यात जायचं आहे, आणि मला भीती वाटते आहे. पाण्याची नाही. उशीर होण्याची.

माझा जन्म पनवेलजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, वर उग्र वासाचं रेझिन ओतायचं, ते वाळलं की पुन्हा कापड. असे थर चढले आणि मी झाले. मला घडवणारा कारागीर माझ्या नाकावर बोटानं टकटक करून म्हणाला होता, "पाणी कितीही आपटलं तरी हिला काही होत नाही. टणक वस्तू तेवढी जोरात लागू देऊ नका." ते वाक्य मी विसरले नाही. पण ते माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

पहिले मालक डॉक्टर होते. वर्षातून चार-पाच रविवार मला खाडीत फिरवायचे. नंतर त्यांची पाठ दुखू लागली आणि मी ताडपत्रीखाली गेले. सहा वर्षं. माझ्या खोलीत पिंपळाचं रोप उगवलं, मांजरीनं दोनदा पिल्लं घातली. आपल्याला आता कुणी विचारणार नाही, असं मी मनाशी धरलं होतं.

आणि नारायणराव आले. तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवून निवृत्त झालेले, खिशात कायम मोजपट्टी. त्यांनी मला खालून वरून पाहिलं, पिंपळाचं रोप मुळासकट काढून कुंडीत लावलं आणि मला घाटावरून बारामतीला आणलं. कुंपणाच्या भिंतीवरून माझं डोकं रस्त्यावर दिसायचं. येणारे जाणारे विचारायचे, "सर, कऱ्हेला एवढं पाणी कधी येणार म्हणालात?" सर हसायचे आणि मोजपट्टी काढायचे.

त्यांना बोट कशाला हवी होती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यांच्या पत्नी मंदाकिनीताई आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, बाईंचा एकही वार रिकामा नसायचा. मला ओवाळून त्या माझ्याशीच बोलल्या, अगदी हळू. "माझ्या आईला तिच्या देवीपर्यंत नेशील ना गं? म्हणून तुझं नाव माहेरवाशीण."

त्यांचं माहेर पाण्याखाली आहे. इंदापूरच्या बाजूला भीमेकाठी त्यांचं गाव होतं. उजनीचं धरण झालं आणि गाव फुगवट्यात गेलं. त्याआधीच्या वर्षी लहानग्या मंदाला विषमज्वर झाला होता. पोर वाचेना, तेव्हा तिची आई कुशाबाई गावाबाहेरच्या टेकाडावर लक्ष्मीआईला बोलली होती की लेक उठली तर हिरवं लुगडं नेसून, लेकीला शेजारी बसवून तुझी ओटी भरीन. लेक उठली. पण घरं हलवायच्या धांदलीत ओटी राहिली आणि पाणी चढलं. मूर्ती नव्या गावठाणात आणून बसवली. लोकांनी कुशाबाईंना समजावलं, आता इथंच भर. त्या म्हणाल्या, "मूर्ती आली, पर मी बोलले ती त्या जागेला."

ती जागा वर्षातून चार-पाच आठवडेच उघडी पडते. पाणी उतरतं तेव्हा टेकाडाचा माथा बेटासारखा वर येतो. आणखी उतरलं की भोवती कंबरभर गाळ उरतो, मग ना होडी जात, ना माणूस. गावातले कोळी न्यायला तयार होते, पण कुशाबाई ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, उघड्या होडीत बसवायची कुणाची छाती होईना. म्हणून छपराची बोट, म्हणून मी.

पहिल्या वर्षीच जाता आलं असतं. पण नारायणराव म्हणाले, इंजिन जुनं आहे, मध्येच बंद पडलं तर? नवं इंजिन येईपर्यंत गाळ उघडा पडला होता. दुसऱ्या वर्षी त्यांना वाटलं, आईंना वाकून आत जावं लागेल. म्हणून माझं छप्पर कापून एक फूट उंच केलं. छप्पर उंच झालं तर टेकायला सोफा हवा. सोफा आला तर हात धुवायला बेसिन हवं. मग माणूस म्हातारं, वेळेला कुठं जाईल, म्हणून इवलासा संडास. त्यासाठी टाकी, टाकीसाठी पंप, पंपासाठी दोन जादा बॅटऱ्या. प्रत्येक गोष्ट सासूबाईंसाठी, आणि प्रत्येक गोष्टीमागे दोन महिने. हे सगळं ते प्रेमानं करत होते, म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं.

कुशाबाईंच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी फोनवरून जावयाला सुनावलं, "जावईबापू, बोटीत संडास बांधलाय म्हनं. अवो, मला देवीला जायाचंय, नांदाया न्हाय."

आता माझं खरं दुखणं सांगते.

मंदाकिनीताई प्रत्येक नव्या वस्तूची पूजा करायच्या. इंजिनाची, छपराची, सोफ्याची, चाचणीसाठी पाण्यावर नेलं त्या प्रत्येक दिवसाची. आणि पूजा म्हटली की माझ्या नाकावर नारळ. मी ट्रेलरवर उभी असले की माझं नाक बरोबर त्यांच्या छातीच्या उंचीला येतं, आणि नारळ बसायचा तो दोर अडकवायच्या लोखंडी कडीच्या जरा खाली. बाईंचा हात मऊ, पण नारळ एका फटक्यात फुटला पाहिजे हा त्यांचा नेम. मग फुटल्या जागी मूठभर हळदीकुंकू.

तिसऱ्या नारळाला माझ्या आत काहीतरी तडकलं. केसाएवढी चीर. ती कुंकवानं भरून गेली.

नारायणराव दर रविवारी मला धुऊन पॉलिश करायचे. फडकं नाकाजवळ आलं की घरातून बाईंचा आवाज यायचा, "तेवढं सोडून पुसा हं. माहेरवाशीण आहे ती. सवाष्णीचं कुंकू पुसू नये." आणि लेथवर केसाचा दहावा भाग मोजायला शिकवणारा तो माणूस, त्या वीतभर लाल जागेला वळसा घालून पुढं जायचा. आतल्या बाजूनं तर त्यांनीच प्लायवूड ठोकलं होतं. चौथा नारळ, पाचवा, सातवा. चीर बोटभर झाली, मग वीतभर. मी कण्हत होते. बोटीचं कण्हणं माणसाला ऐकू येत नाही.

चाचणीला काही कळलं नाही, कारण रिकामी असले की माझं नाक पाण्याच्या बरंच वर राहतं.

गेल्या वर्षीच्या चैत्रात अखेर मुहूर्त लागला. भल्या सकाळी बारामतीतून निघालो, लासुर्णे मागे टाकलं, ऊन चढायच्या आत काठावर पोचलो. कुशाबाईंना खुर्चीसकट चौघांनी उचलून आणलं. हिरवं लुगडं, त्यावर केशरी जाकीट. वाट दाखवायला त्यांच्या भावकीतला गोकुळ आला. वयाची पन्नास वर्षं पाण्यावर काढलेला कोळी. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दाजी, ह्यात हातरून घातलं तर वऱ्हाड राहील की."

अकरावा नारळ फुटला आणि मी पाण्यात उतरले.

कुशाबाईंना पुढं सोफ्यावर बसवलं. पुढं सोफा, पुढं टाकी, पुढं बॅटऱ्या, आणि आता पुढंच माणूस. माझं नाक खाली बसलं. पहिल्यांदाच ती लाल जागा पाण्याखाली गेली.

सुरुवातीला धारसुद्धा नव्हती, नुसता ओलावा. मग प्लायवूडखालून पाणी सुटलं. नारायणराव सुकाणूवर, मंदाकिनीताई त्यांच्याजवळ, गोकुळ मागे इंजिनापाशी. पाणी उपसायचा पंपही मागेच. आत एकट्या कुशाबाई, मांडीवर ओटीचं सामान धरून. पाणी त्यांच्या तळव्यांना लागलं. मला वाटलं, आता हाक मारतील. मारा हाक, आजी, मारा! त्यांनी लुगडं जरासं वर घेतलं, खाली बघितलं आणि हसल्या. त्या पाण्यात माझ्या चिरेतलं कुंकू मिसळलं होतं.

"लक्ष्मीआई," त्या पुटपुटल्या, "तूच आलीस व्हय भेटाया?"

आणि गप्प बसल्या. घोट्यापर्यंत पाणी आलं तरी गप्पच.

त्या दहा मिनिटांत मी काय काय केलं म्हणून सांगू. एका अंगाला कलले. नारायणरावांना वाटलं वारा आहे, त्यांनी सुकाणू फिरवलं. इंजिनाचा आवाज जड केला. त्यांना वाटलं पेट्रोलमध्ये कचरा आहे. त्यांनी तीन वर्षांत मला सगळं दिलं होतं, फक्त तोंड दिलं नव्हतं. समोर टेकाडाचे काळे दगड दिसू लागले होते. हाकेच्या अंतरावर.

गोकुळ उठून उभा राहिला. "दाजी, थांबा. नाक लई खाली बसलंय हिचं."

मंदाकिनीताईंनी खोलीचं दार उघडलं. आई नडगीभर लाल पाण्यात पाय सोडून बसली होती. त्या किंचाळल्या नाहीत. नुसतं "आई" म्हणाल्या. गोकुळनं म्हातारीला उचलून मागं आणलं, तसं माझं नाक थोडं वर आलं आणि पाणी येणं मंदावलं.

"अहो, एवढंसंच तर राहिलंय," मंदाकिनीताई म्हणाल्या.

"मंदा, आईंना घेऊन बुडायचं का?" नारायणरावांचा आवाज फाटला होता. त्यांनी मला वळवलं.

परतताना कुशाबाई मागे तोंड करून बसल्या. टेकाड दिसेनासं होईपर्यंत तिकडंच बघत होत्या. मांडीवरचे तांदूळ भिजून फुगले होते. शेवटी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रडती कशापायी? वरीस काय, आसं जातंया." सत्त्याऐंशीकडं निघालेली बाई हे बोलत होती. मी तिथंच तळाला गेले असते तर मला सोपं गेलं असतं.

अंगणात आल्यावर नारायणरावांनी दोन दिवस गळती शोधली. सापडेना. मग त्यांनी मला आतूनच पाण्यानं भरलं, कुठून ठिबकतं ते बघायला. मंदाकिनीताई पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. फरशीवर एक थेंब पडला. लाल. मग दुसरा.

त्या उठल्या. माझ्या नाकासमोर आल्या. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. अकरापाशी अंगठा थांबला. मग त्यांनी स्वतःच्या पदरानं, डोळे मिटून, माझ्या नाकावरचं कुंकू पुसलं. खाली चीर उघडी पडली.

"मी केलं हे," त्या म्हणाल्या.

नारायणराव चिरेवर बोट फिरवत राहिले. "नारळ तू फोडलेस. नाक खाली दाबलं ते मी."

तरी माणसाचा स्वभाव बघा. महिन्याभरात ते दुरुस्तीला बसले आणि म्हणाले, "आता उघडलीच आहे तर पुढं एक खिडकी—"

"एक स्क्रूसुद्धा वाढवायचा नाही," मंदाकिनीताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "काढता येईल तेवढं काढा." आणि त्यांनी चपला काढून कोनाड्यात ठेवल्या. आईची ओटी भरेपर्यंत अनवाणी. बारामतीच्या वैशाखात ती फरशी कशी तापते ते माझ्या चाकांना विचारा. नारायणराव रोज त्या पायांकडं बघायचे आणि एकेक वस्तू उतरवायचे. सोफा गेला, बेसिन गेलं, टाकी गेली. संडासाचं दार काढताना मात्र ते क्षणभर ते दार छातीशी धरून उभे राहिले. माझ्या नाकाला आतून बाहेरून नवे थर चढले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. टेकाड पाण्याखाली होतं आणि कुशाबाई वाट बघत होत्या. आज दुपारी गोकुळचा फोन आला. "मंदाक्का, मावशी चार दिस झालं फकस्त पानी घेतीया. माथा अजून उघडा पडला न्हाय, गुडघाभर पानी हाय वर. पर आता थांबाया नगं."

म्हणून उद्या.

आत्ताच, दिवेलागणीला मंदाकिनीताई आल्या. अनवाणी, हातात नारळ. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सवयीनं हात वर गेला. हात हवेतच थांबला. मग त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या नव्या थरावर ठेवला, खाली वाकल्या आणि माझ्या चाकाखाली लावलेल्या दगडावर नारळ फोडला. टिकलीएवढं कुंकू माझ्या नाकाला लावलं. नारायणराव चाचरत म्हणाले, "मंदा, सकाळी उतरवण्याआधी ते पुसून एकदा बघावं लागेल."

"मीच पुसून देईन," त्या म्हणाल्या.

मी कधी कुणाकडं काही मागितलं नाही. आज मागते. ज्यांच्यावर जीव आहे त्यांना कुंकू लावा, ओवाळा, पण कधीतरी पुसून खाली काय आहे तेही बघा. त्यांना तोंड असेलच असं नाही. आणि कुशाबाई, तुम्ही एवढी रात्र काढा. तांदूळ कोरडे आहेत, खण नवा आहे, लेक शेजारी बसणार आहे. माझ्या पोटात आता तुमच्यासाठी एक सतरंजी सोडून काही नाही. मी हलकी आहे, आजी. नाक वर आहे माझं.