डोळे मिटून दिलेले गुण

"काकी, डोलं मिटा. पट्टा चालू झाला," भिवाने गाडी चालवता चालवता आरशातून बघत मला सांगितलं.

"मिटलेत रे बाबा. तू पुढे बघ."

मागच्या सीटवर माझ्या शेजारी आज श्रिया नावाची मुलगी बसली होती. ठाण्याहून, यांच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसातून आलेली. चेहऱ्याने गोड, पण मांडीवर टॅब घेऊन माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी परीक्षेत कॉपी करतेय. पुढे भिवाच्या बाजूला आमचे हे, बाळ कर्णिक. केस पिकले तरी नाव बाळच. लग्नात माझ्या मावशीने यावरून इतकी टिंगल केली होती की विचारू नका.

यांचं काम हायवेला गुण देण्याचं. रस्त्याच्या दुरुस्तीचा ठेका घेतलेली कंपनी तो नीट राखते की नाही, हे दर काही महिन्यांनी मोजायचं. चाकाजवळ बसवलेलं यंत्र गचके मोजतं. पण यंत्राला कंबर नसते, म्हणून गाडीत एक साधा प्रवासीही बसवतात. त्याने डोळे मिटायचे, कारण ताजा पांढरा रंग बघून माणूस भुलतो. रस्त्याचा एकेक पट्टा संपला की पाचपैकी गुण सांगायचे. एकदा ठरलेल्या बाई आयत्या वेळी आल्या नाहीत, तेव्हा यांनी मला बसवलं. आणि मी सरळ घोरायला लागले.

ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. झोपलेल्या बाईचे गुण किती धरायचे? शेवटी साहेबांनी निकाल दिला, "झोप लागली म्हणजे रस्ता उत्तम. द्या पाच." तेव्हापासून तोच नियम होऊन बसला. बाई इतकी का झोपते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

डोंबिवलीत तळमजल्यावरच्या आमच्या घरात मी पाळणाघर चालवायचे. अर्ध्या गल्लीला मी थोपटून झोपवलंय. खरं झोपलेलं मूल कुठलं आणि सोंग घेतलेलं कुठलं, ते मला लगेच कळतं. डोळ्यांकडे बघायचंच नाही, हाताकडे बघायचं. झोप खरी असली की मूठ सुटते.

आणि त्याच घरात आता मला झोप येत नाही. सलिल गेल्यापासून. आमचा मुलगा. भर दुपारी बाइकवरून जेवायला घरी येत होता, याच हायवेवरून. खाडीवरच्या पुलाच्या पलीकडे पाणी भरलेला खड्डा होता, तो त्याला दिसला नाही. रात्री मी पंख्याकडे बघत पडते. शेजारी हे घोरल्यासारखं करतात, पण मूठ घट्ट आवळलेली असते. सकाळी चहा घेताना मी विचारते, "झोप लागली का?" हे म्हणतात, "हो, छान. तुला?" "मलाही." इतके खोटारडे आम्ही कधीच नव्हतो हो.

गाडीत मात्र काय होतं कोण जाणे. चाकांची घरघर सुरू झाली की अंग हलकं होतं. आजही तसंच झालं. पाळणाघराच्या सतरंज्या हळूहळू हायवेवर पसरत गेल्या. माझी सगळी पोरं ओळीने निजलेली, आणि ट्रकवाले बिचारे हॉर्न न वाजवता बाजूने चाललेले. कुणाचं तरी दुपटं वाऱ्यावर उडालं ते सरळ खाडीकडे गेलं, पण मला त्याची काळजी वाटली नाही. ओळीच्या टोकाला सलिल होता, लहानपणीचा, चड्डी आणि बनियनमधला. डोळे अर्धवट मिटून हसत म्हणत होता, "आई, मी झोपलोय." मी त्याला म्हटलं, "झोपलेली मुलं बोलत नाहीत, सोन्या." मग तो आणखी हसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ कोमट होती.

आणि मला जाग आली. गचका नाही, काही नाही. दर वेळी इथेच येते, पूल उतरताना.

इथे आले की मी शून्य देते. पुलापलीकडच्या त्या पट्ट्याला मी नेहमीच शून्य दिलेलं आहे. यांनी ते प्रत्येक वेळी निमूट लिहून घेतलं, का म्हणून एकदाही विचारलं नाही. सलिलचं नाव काढायचं नाही, असं आमच्यात न बोलता ठरूनच गेलं होतं.

पण आज सकाळी श्रियाने गाडीत बसतानाच सांगितलं होतं. "काकू, राग नका मानू हं. मशीन म्हणतं तो सगळ्यात स्मूद पट्टा आहे, आणि तुम्ही तिथे झीरो देता. ठेकेदाराने कम्प्लेंट केलीय. आज पण तसंच आलं ना, तर प्रवाशाची सीटच बंद करणार आहेत. फक्त मशीन ठेवणार."

ही सीट गेली तर मी झोपायचं कुठे? आणि सलिल मला भेटायचा कुठे? तो घरी येत नाही. इथेच येतो. पण सीटसाठी पाच द्यायचे? त्या पट्ट्याला? ते शून्य हेच तर एक काम उरलं होतं, आईने लेकासाठी करायचं.

"सर, तिथे नक्की प्रॉब्लेम काय आहे?" श्रियाने आता यांना विचारलं.

"प्रवाशाला विचार," हे म्हणाले.

भिवाला सगळं ठाऊक होतं. त्याने न सांगता वेग कमी केला. "काकी, गारी हलू घेतो. घाई नाय."

मी डोळे उघडले नाहीत. आजवर या पट्ट्यावर आले की मी फक्त सलिलला बघायचे. रस्त्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आज मी कंबरेने, मांड्यांनी, तळपायांनी रस्ता बघितला. पायाशी पाण्याची बाटली होती, ती हललीसुद्धा नाही. इतका सपाट. इथून कोणाचंही पोर दुपारी जेवायला सुखरूप घरी पोचलं असतं. माझंही पोचलं असतं. मला असा संताप आला! मेल्यांनो, करता येत होतं ना तुम्हाला!

पट्टा संपला. हे नेहमीसारखं "गुण?" म्हणाले नाहीत.

"पाच," मी म्हटलं.

यांच्या पेनचा आवाज आला नाही.

"अहो, पाच लिहा. रस्ता चांगला झालाय." मग मी डोळे उघडून श्रियाकडे वळले. "आमचा सलिल इथे गेला, बाळा. तेव्हा इथे खड्डा होता, आता नाहीये. म्हणून पाच. पण त्या ठेकेदाराला सांग, हे आधी करायचं होतं."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिने टॅब बंद केला आणि माझा हात धरला. पुढे यांचे खांदे गदगदत होते. इतक्या दिवसांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. भिवाने गाडी कडेला घेतली आणि उगाच उतरून टायर बघत बसला.

थोड्या वेळाने श्रिया म्हणाली, "सर, मी पुढे बसते. तुम्ही मागे या, काकूंजवळ."

हे आले, बसले. परतीचे पट्टे उरले होते, म्हणून गाडी पुन्हा पुलाकडे वळली. चाकांची घरघर सुरू झाली आणि पूल यायच्या आधीच यांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं.

सवयीने मी हाताकडे बघितलं. मूठ सुटली होती.

"काकू, या पट्ट्याचे गुण?" श्रियाने हळूच विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने यांना थोपटत राहिले.