पत्र्यासोबत वळणारी डाय

अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात नदीच्या पश्चिमेला स्लॉटमनांचा पत्र्याचा कारखाना होता. ऑफिसातली कपाटं, टेबलं, फायलींचे खण असा माल तिथून निघायचा. लिओना म्रोझेक तिथं अकरा वर्षं तीन नंबरच्या प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या यंत्रावर, होती. खाली डाय, म्हणजे मधोमध खाच असलेली लांब पोलादी पट्टी. वर पंच, म्हणजे त्या खाचेत उतरणारी बोथट धार. मधे पत्रा धरायचा, पायाने पेडल दाबायचं, की पत्रा काटकोनात वाकलाच. लिओना दिवसाला पाच-सहाशे वेळा हे करायची आणि तिच्या हातचा कोपरा सहसा चुकत नसे.

१९७४च्या जानेवारीत गेरिट स्लॉटमनने कपाटांच्या दारांचं नवं काम घेतलं. गेरिट चाळिशीच्या आतला, वडिलांच्या माघारी नुकताच कारखाना बघायला लागलेला. दारं आधी वाकवून मग रंगवण्यापेक्षा रंगवलेलाच पत्रा आणून वाकवला तर काम निम्मं होईल, असं त्याच्या डोक्यात आलं. ऐकायला बरं होतं. पण पंच पत्र्याला खाली दाबतो तेव्हा पत्रा डायच्या दोन्ही काठांवरून घासत आत जातो. साध्या पत्र्याला त्याचं काही नसतं. रंगीत पत्र्यावर मात्र प्रत्येक घडीच्या अंगाला दोन चमकत्या रेघा उठायला लागल्या.

त्या रेघा झाकायचं काम व्हर्जी ओटूल आणि तिच्या हाताखालच्या चार बायकांकडे गेलं. बारीक ब्रश, रंगाची डबी आणि थिनरचा वास.

"तुझ्या रेघा पुसून पुसून माझं डोकं भणभणतंय, लिओना," जेवणाच्या सुट्टीत व्हर्जी म्हणाली. "काल घरी गेले तर नवरा म्हणतो, तुझ्याजवळ काडी पेटवायची भीती वाटते."

"मी काय करू? काठावर चामडं लावून पाहिलं, नायलॉनची पट्टी लावून पाहिली. चाळीस घड्या होतात आणि फाटतं."

पहिल्या खेपेतली अडीचशे दारं गिऱ्हाइकाने परत पाठवली. रंग जुळत नाही, ही तक्रार. फोरमनने सगळ्यांना जमवून हात हलके ठेवा म्हणून सांगितलं. लिओनाला राग आला. हात कितीही हलका ठेवला तरी पंच थोडाच हलका होणार होता?

घरी तिची आई होती. स्टाशा म्रोझेक, एकोणऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. रोज संध्याकाळी लिओना तिला खांद्याखाली धरून उशीकडे वर ओढायची. आठवड्यातून एकदा येणाऱ्या नर्सने एका मंगळवारी आईच्या पाठीवरचे लाल चट्टे पाहिले आणि लिओनाला जवळ बोलावलं.

"तुम्ही यांना ओढता का?"

"मग काय करू? एकटी असते मी."

"ओढलं की अंग चादरीवर घासतं. या वयाची कातडी ती, सोलून निघते. हे बघा." नर्सने आईच्या अंगाखालची चादर दोन्ही हातांनी गोळा केली आणि चादरीसकट आईला अलगद कुशीवर वळवलं. "खालचं आणि वरचं एकत्र वळलं पाहिजे. मग घासायचा प्रश्नच येत नाही."

"दोन वर्षं ही मला पिंपासारखी ढकलतेय," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तिला आज कळतंय."

यातून डोक्यात काही पेटलं असं झालं नाही. आठ-नऊ दिवस लिओना चादर धरून आईला वळवत होती आणि कारखान्यात रेघा उठवत होती, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तिच्या मनातही आलं नाही. मग एका सकाळी पत्रा हातात धरलेला असताना तिला तो वर उचलला जाताना जाणवला. रोजच जाणवायचा. वाकताना पत्र्याच्या दोन्ही बाजू वर उठतात, ऑपरेटर त्यांच्यासोबत हात वर नेतो. हात पत्र्यासोबत जातात. खालची डाय मात्र ढिम्म बसून असते. तिने पेडलवरचा पाय काढला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. शेवटी फोरमन विचारायला आला, बरं नाही का?

शनिवारी दुपारी तिने गॅरेजमध्ये लाकडी लाटणं उभं चिरलं. दोन अर्धगोल तुकडे झाले. जुन्या पन्हाळीचे दोन तुकडे तिने फळीवर शेजारी शेजारी ठोकले आणि त्यांत ते अर्धगोल, सपाट बाजू वर करून, ठेवले. वर पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या मधोमध पट्टीची कड धरून दाबली, तसे दोन्ही तुकडे आतल्या बाजूला कलले आणि पुठ्ठा त्यांच्या पाठीवर चिकटून बसल्यासारखा वळला. कुठेही घासला नाही.

"लाटणं कापलंस?" स्वयंपाकघरातून खुर्चीत बसल्या बसल्या आई म्हणाली. "आता पिरोगीची पारी कशाने लाटणार?"

"बाटलीने."

"कुठली बाटली? घरात एक भरलेली बाटली नाही, रिकामी कुठून येणार."

सोमवारी लिओना ती फळी घेऊन टूलरूमच्या दाराशी गेली. हत्यारं आणि साचे बनवणाऱ्यांची ती खोली. बायका तिथं झाडायलासुद्धा जात नसत. हार्म डायकहाउस तिथला मुख्य कारागीर. साठीचा, उंच, मोजून बोलणारा डच माणूस.

"काय आहे ते?" त्याने विचारलं.

"लाटणं."

"ते दिसतंय मला."

तिने पुठ्ठा ठेवून दाबून दाखवलं. हार्मने तिच्या हातून पट्टी घेतली आणि स्वतः दाबून पाहिलं. पुन्हा पाहिलं. सात-आठ वेळा तरी झालं असेल.

"आणि याला परत सपाट कोण करणार? दर वेळी तू हाताने?"

"तेच मला जमत नाहीये. म्हणून तर तुमच्याकडे आणलं."

हार्मने खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, तोंडात टाकली, मग आठवण झाल्यासारखी एक तिलाही दिली. "ठेवून जा इथं," तो म्हणाला.

पोलादात ते उतरवायला सहा आठवडे लागले. पहिली चाचणी फसली. दोन्ही अर्धगोलांखाली वेगवेगळ्या स्प्रिंगा होत्या, त्यामुळे एक आधी वळला, दुसरा मागे राहिला आणि दार वाऱ्याने उडालेल्या छपरासारखं वाकडं निघालं. फोरमन हसला. "लाटणी स्वयंपाकघरातच बरी," तो म्हणाला. हार्मने ते वाकडं दार उचललं, उजेडात धरलं आणि तिला खूण केली.

"रेघ बघ."

तिने पाहिलं. दार वाकडं होतं, पण रंगावर ओरखडा नव्हता.

हार्मने मग दोन्ही अर्धगोलांखालून एकच आडवी दांडी घातली. एक वळला की दुसऱ्याला वळावंच लागे, आणि पंच वर गेला की दांडीखालची स्प्रिंग दोघांना एकदम सपाट करी. या वेळी लिओनाने तीनशे दारं वाकवली. व्हर्जीने एकेक दार दिव्याखाली तिरकं धरून बोट फिरवलं. शेवटी ब्रश डबीत टाकला.

"मग उद्यापासून मी पुसू काय?" ती हसत म्हणाली. पण ते हसू अर्धवट होतं, आणि लिओनाच्या ते लक्षात राहिलं.

मे महिन्यात एके दुपारी हार्म तीन नंबरपाशी आला. तो कधी टूलरूम सोडून येत नसे. "हात पूस. वर चल," एवढंच म्हणाला. जिना चढताना लिओनाला वाटलं, आपल्याला काढलं.

वर गेरिट होता आणि शहरातून आलेला एक वकील. टेबलावर नव्या डायच्या पेटंटचे कागद होते.

"हार्म, सही करायची सोडून तुम्ही गेलात कुठे?" गेरिट म्हणाला. मग त्याला लिओना दिसली. "हिला का आणलंत?"

"या कागदावर लिहिलंय की हा शोध माझा आहे, अशी मी शपथ घेतो."

"पेटंटच्या अर्जाची ती नेहमीची भाषा असते."

"असेल. पण तो माझा नाही."

"तुम्हीच बनवलात ना?"

"बनवला मी. काढला हिने. दांडी आणि स्प्रिंग माझी, वळायची कल्पना हिची." हार्मचा आवाज चढला नाही. "मी एकतीस वर्षं दर रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसतो, गेरिट. यावर सही करून मला तिथं बसता येणार नाही."

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. "शोधकाचं नाव चुकीचं पडलं तर पुढे पेटंटच टिकत नाही," तो गेरिटला म्हणाला. मग लिओनाकडे वळून खुर्ची पुढे सरकवली. "बसा बाई. तुम्हाला हे कसं सुचलं, ते सांगा."

लिओनाने दोन पेन्सिली टेबलावर शेजारी ठेवल्या, वर एक कागद ठेवला आणि बोलायला लागली. आईची पाठ, नर्स, चादर, सगळं सांगितलं. वकील लिहीत होता.

"तारीख आठवते?"

"नर्स मंगळवारी येते. त्या मंगळवारी बर्फामुळे बस उशिरा आली होती. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. लाटणं मी त्याच्या पुढच्या आठवड्यात कापलं."

वकिलाने मान हलवली. "दोन नावं लागतील. पहिलं यांचं."

गेरिटचा चेहरा लाल झाला होता. माणूस वाईट नव्हता. खालच्या मजल्यावर फारसा जात नव्हता, एवढंच. "मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "पेटंट कारखान्याचं राहील, तो नियम आहे. पण तुला बक्षीस म्हणून काही..."

"मला टूलरूममध्ये यायचंय," लिओना म्हणाली. आपण हे बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "शिकाऊ म्हणून."

"तिथं आजवर बाई नव्हती."

"तीन नंबरवरही नव्हती, मी येईपर्यंत."

"चार वर्षं लागतात. तुझं वय..."

"मला निवृत्तीला चार वर्षं आहेत," हार्म मधेच म्हणाला. "बेताचं जमतंय."

गेरिटने एकदा हार्मकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग मान डोलावली.

"आणि व्हर्जी?" लिओनाने विचारलं. "तिच्या बायका? रेघाच नसतील तर त्या काय करणार?"

"कपाटांच्या जुळणीवर माणसं कमीच आहेत. त्यांना तिकडे घेऊ."

"ते लिहून द्याल?"

वकील खाली बघून हसला आणि त्याने कोरा कागद गेरिटपुढे सरकवला.

जूनमध्ये लिओना टूलरूममध्ये गेली. हार्मने तिला लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा आणि कानस दिली. "सहाही बाजू काटकोनात," तो म्हणाला. तीन आठवडे ती तो ठोकळा घासत होती. एक बाजू जमली की दुसरी बिघडायची. तिच्या तळव्यांना फोड आले. बाकीचे कारागीर पहिले काही दिवस ती आली की गप्प व्हायचे. ऑगस्टपर्यंत तिच्या देखत एकमेकांना शिव्या द्यायला लागले, तेव्हा तिला बरं वाटलं. व्हर्जी जुळणीवर रमली. थिनरचा वास गेला, नवऱ्याची काडीची भीतीही गेली, असं ती सगळ्यांना सांगायची.

पेटंटचा कागद यायला दोन वर्षं गेली. लिओना तो घरी घेऊन आली आणि आईच्या बिछान्याशेजारी बसली. आईने चष्मा मागितला.

"म्रोझेक बरोबर लिहिलंय?"

"बरोबर लिहिलंय."

"माझं नाव कुठाय?"

"तुझं कशाला असेल?"

"पाठ कोणाची होती?" आई म्हणाली, आणि उजव्या हाताने तो कागद छातीशी धरून ठेवला. बराच वेळ दिला नाही. लिओनानेही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी टूलरूममध्ये नवं ड्रॉइंग आलं. कपाटाच्या बिजागरीसाठी स्टॅम्पिंगची डाय, एका ठोक्यात दोन भोकं आणि एक घडी. हार्मने ते उलगडलं, चष्म्यातून नीट पाहिलं आणि लिओनाच्या बाकावर ठेवलं.

"ही तू एकटीने," तो म्हणाला. "अडलीस तर विचार. पण आधी अड."

लिओनाने पेन्सिलीला टोक केलं आणि मापं वाचायला घेतली.