आखूड दोरा

न्हाणीचं दार लावून पुष्पांजलीने ब्लेड काढलं आणि पायाच्या करंगळीवरचं कुरूप खरवडायला घेतलं. अकरा वर्षं हाच उद्योग. वरची चामडी निघायची, आतला खिळा तसाच राहायचा आणि पंधरा दिवसांत पुन्हा टणक व्हायचा. आज ब्लेड खोल गेलं.

दोष तिच्या आईचा. लग्न ठरताना सुभद्राबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बजावलं होतं की मोठ्या पायाची सून आमच्या घरात चालत नाही. मग चपलांसाठी पायाच्या मापाचा दोरा मागवला, तर आईने तो बोटभर आखूड कापून धाडला. लेक उजवायची म्हटल्यावर आई काय करणार नाही! तेव्हापासून दर दिवाळीला सुभद्राबाई हौसेने पाच नंबरचे निमुळते सँडल आणायच्या. पुष्पांजली बोटं दुमडून पाय कोंबायची, मागे उरलेली टाच साडीखाली झाकायची. बोलली असती तर आई खोटी ठरली असती.

जखम चिघळली तशी ती बुलढाण्याला दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी कुरूप काढून पट्टी बांधली.

"ब्लेड लावायचं नाही. कोमट पाण्यात पाय भिजवून हळूच घासायचं. आणि आधी चप्पल बदला. नाहीतर मी कितीदा काढलं तरी हे परत येणार."

स्टँडसमोरच्या दुकानात तिने सात नंबरची रुंद चप्पल घातली. पाचही बोटं मोकळी पसरली आणि तिला तिथेच रडू फुटलं. दुकानदार बिचारा न मागता भाव कमी करू लागला.

वडनेर भोलजीला घरी पोचताच तिने जिवाचा धडा करून नव्या चपलेचं खोकं सासूबाईंपुढे ठेवलं.

"आत्याबाई, माहा पाय सात नंबरचा हाये. आईनं दोरा खोटा धाडला होता."

सुभद्राबाई उठल्या आणि पेटीतून एक पांढरं कापड घेऊन आल्या. गृहप्रवेशाला उमटलेली तिची कुंकवाची पावलं होती ती. शेजारी तोच दोरा टाचलेला. टाचेपासून निघालेला दोरा बोटांपर्यंत पोचत नव्हता.

"त्याच दिवशी मोजले म्या."

"मंग पाचाचेच काऊन आणले?"

"कधी सांगशीन, ते पाहून राह्यली होती." त्यांनी कापडाची घडी घातली. "हे साताचे घरात घाल. गावात पाचाचेच. नाही तं लोकं म्हणतीन, सुभद्रा फसली."

तेवढ्यात दहा वर्षांची इरा आजीने आणलेले नवे सँडल घालून बाहेर आली. चालताना तिने खाटेला हात टेकला.

"तिचा पाय तुह्यावरच चालला," सुभद्राबाई म्हणाल्या. "आतापासूनच आवरा लागते."

पुष्पांजली खाली बसली. सँडलचं टोक तिने दाबून पाहिलं. आत बोटं दुमडलेली होती.

"टोचते का वं, इरा?"

इराने आजीकडे पाहिलं.

"नाही आई. बराबर होतेत."