चूक ओरडते, पण थांबवत नाही

गुरुवारी माझी नोकरी संपणार होती. साल २००२. इस्रायलमधल्या अश्दोद बंदराजवळच्या आमच्या रसायनांच्या गोदामात जुना डेटाबेस जाऊन दुसऱ्या कंपनीचा नवा येणार होता, आणि जुन्याबरोबर मलाही नारळ मिळणार होता. ठाण्याहून आल्यापासून मी हेच काम केलं. बावन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार?

नव्याचं काम तिशीच्या नदावकडे होतं. हुशार, पण भारी घाईचा. माझ्या सगळ्या प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम, त्याने ओळीला ओळ लावून नव्यात उतरवल्या. त्यातली एक फार मोलाची: पेट घेणाऱ्या रसायनाशेजारी आग भडकवणाऱ्या ऑक्सिडायझरचं पिंप ठेवायला कुणी निघालं, की ती प्रोसिजर चूक उठवते, म्हणजे आम्हीच ठरवलेला इशारा पडद्यावर दाखवते, आणि नोंद अडवते. नव्यात ती अडत नाही, हे मी मंगळवारी करून पाहिलं आणि त्याला दोनदा सांगितलं. तो "हो हो" म्हणत कॉफी आणायला गेला. माझं डोकंच फिरलं!

गुरुवारी सकाळी गोदामप्रमुख अदिना पाहणीला आली. नदावने मुद्दाम ऑक्सिडायझरच्या पिंपाची चुकीची नोंद केली. पडद्यावर लाल अक्षरं झळकली.

"बेसेदेर, सगळं ठीक! चूक पकडली," तो खुशीत म्हणाला.

"पकडली आणि सोडून दिली," मी म्हटलं. "पिंपांची यादी उघड."

"कशाला? लाल अक्षरं दिसली ना?"

"उघड रे बाबा, हात झिजणार नाहीत."

यादीत ते पिंप पेट घेणाऱ्या अॅसिटोनच्या शेजारी आरामात बसलं होतं. नदावचा चेहरा पडला. मला आनंद झाला, लपवत नाही.

"जुन्यात चूक उठवली की काम तिथंच थांबतं," मी अदिनाला सांगितलं. "नव्यात ती नुसती ओरडते आणि पुढची ओळ चालू राहते. खाली 'रिटर्न', म्हणजे 'इथूनच परत फिर', असं लिहावं लागतं."

"म्हणजे रविवारी नवी यंत्रणा सुरू झाल्यावर हे पिंप खरंच तिथे गेलं असतं?"

"फोर्कलिफ्टवाला यादी बघतो, लाल अक्षरं नाही."

मी नदावच्या खुर्चीत बसून तो एक शब्द लिहिला, पुन्हा तीच नोंद केली. लाल अक्षरं आली, आणि या वेळी यादीत काही शिरलं नाही.

अदिनाने तिथूनच वरच्या मजल्यावर फोन लावला. "शुलामिथला कामावरून काढायचं पत्र रद्द करा. नवी यंत्रणा तीच सांभाळेल."

मी नदावकडे वळले.

"दुसरी खुर्ची ओढ. अजून चाळीस प्रोसिजर आहेत."