स्टुलाला लागलेला आशीर्वाद

बापाच्या तोंडून निघालेल्या आशीर्वादापुढं राजांची फर्मानं फिकी पडतात. तो एकदा उच्चारला, की समुद्र वाट देतो, डोंगर बाजूला सरकतात आणि लेकराचं पुढच्या सात पिढ्यांना पुरेल एवढं कल्याण होतं. गादीवाल्याचं याबद्दल कधीच दुमत नव्हतं. त्याची अडचण एवढीच होती, की त्याच्या तोंडात कायम खिळे असत.

सोफ्या-खुर्च्यांना गाद्या बसवणं हा त्याचा धंदा. डाव्या हातानं कापड ताणायचं, उजव्या हातात हातोडी धरायची, मग खिळे ठेवायचे कुठं? जिभेनं एकेक बारीक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकावर टिपायचा आणि ठोकायचा. उभ्या आयुष्यात त्यानं एकही खिळा गिळला नव्हता आणि एकही वाक्य धड पूर्ण केलं नव्हतं. घरातलं बोलण्याचं खातं बायकोकडं होतं. रागावणं तिचं, समजावणं तिचं, जेवणाआधीची प्रार्थना तिची. शेवटचं 'आमेन' तेवढं याचं. आमेन हा फार सोयीचा शब्द आहे; ओठ मिटूनही बऱ्यापैकी म्हणता येतो.

या घरात एक रीत होती. लेकरू घर सोडून निघालं, की त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं आशीर्वाद द्यायचा, तोही स्वतःच्या शब्दांत. थोरला जहाजावर निघाला तेव्हा आईनं असा काही आशीर्वाद दिला होता, की भिंतीपलीकडच्या दुकानात न्हाव्याची कात्री थांबली होती. मग आई देवाघरी गेली. आणि आता संध्याकाळच्या बसनं धाकटी निघाली होती, डोंगरावरच्या वेधशाळेत नोकरीला. तिथं ती ढगांवर नजर ठेवणार होती. ढगांना राखण कशाला लागते, हा बापाचा प्रश्न बरेच दिवस खिळ्यांच्या मागं अडकून पडला होता.

"बाबा, तुम्ही बोलल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही," दुपारचं जेवण झाल्यावर धाकटीनं घरालाच लागून असलेल्या कारखान्याच्या दारात उभं राहून जाहीर केलं. "बस गेली तर गेली."

"म्हं," गादीवाला म्हणाला.

"म्हं चालणार नाही. शब्द पाहिजेत. आईसारखे."

त्यानं दोन खिळे हातावर काढून तोंडात थोडी जागा केली. "पाळकसाहेब छान देतात."

"त्यांचा सगळ्यांना मिळतो. दर रविवारी, घाऊक. मला माझा स्वतःचा पाहिजे. बॅग भरून येते, तोवर तयारीला लागा."

तयारी तर तो कितीतरी दिवस करत होता. काथ्या कोंबताना, स्प्रिंगा बांधताना, दाभण ओवताना तो मनातल्या मनात शब्द जुळवत असे. ते जुळलेही होते. फक्त ते तोंडावाटे बाहेर काढायचे होते, आणि त्या वाटेवर वर्षानुवर्षं रहदारी नव्हती.

त्याच्यापुढं ऑर्गनबाईंचं स्टूल होतं. प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवून बाईंचे गुडघे थकले होते, म्हणून त्यांनी घरी पाय ठेवायला हे गोल, गुबगुबीत, तपकिरी मखमलीचं स्टूल करायला टाकलं होतं. खालच्या झालरीचा एक वीतभर तुकडा चिकटवायचा राहिला होता. गोंदाचं भांडं शेजारीच होतं. गादीवाला वेताच्या बसक्या मोड्यावर टेकला. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं, आणि त्यात पिंजलेल्या कापसाचे तंतू इतक्या सावकाश तरंगत होते, की ते खाली येताहेत की आपणच वर चाललोय, हे त्याला कळेना.

समोरच्या सोफ्याच्या सांगाड्यावर बायको बसली होती. सांगाड्यात ना स्प्रिंगा होत्या, ना काथ्या, पण ती अजिबात आत जात नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "आधी ते खिळे काढा तोंडातून."

त्यानं निमूटपणे खिळे डब्यात ओतले. ते पडताना आवाज झाला नाही. पुढ्यात धाकटी गुडघे टेकून बसली होती, चार-पाच वर्षांची, मान खाली घालून. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस तेव्हा होते तसेच मऊ होते, एका बाजूनं हात फिरवला की काळपट, दुसऱ्या बाजूनं उजळ. आणि तो बोलला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. त्याचा आवाज खोलीभर फिरून आला आणि कापूस जरा हलला.

"आमेन," बायको म्हणाली. पण ओठ मिटूनच, जणू आता खिळे तिच्या तोंडात होते.

त्यानं डोळे उघडले. सोफ्याचा सांगाडा रिकामा होता. डब्यात खिळे होते. आणि त्याचा हात ऑर्गनबाईंच्या स्टुलावर होता.

पवित्र शास्त्रातल्या त्या आंधळ्या म्हाताऱ्याची गोष्ट त्याला पाठ होती. चुकीच्या मुलाला आशीर्वाद देऊन बसला आणि मग परत घेता येईना. पण त्यानं निदान माणसाला तरी दिला होता! घाबरला की गादीवाल्याला हातांना काम लागे. त्यानं गोंदात बोटं बुडवली आणि झालरीचा उरलेला तुकडा चिकटवायला घेतला. तेवढ्यात एका दारातून बॅग घेऊन धाकटी आली आणि दुसऱ्या दारातून ऑर्गनबाई.

"झालं का माझं स्टूल?"

"झाली का तयारी?"

"झालं," गादीवाला म्हणाला. "दिला."

"कधी? कुणाला?" धाकटीनं विचारलं.

त्यानं हनुवटीनं स्टुलाकडं बोट दाखवल्यासारखं केलं आणि सगळं सांगून टाकलं. एवढं सलग तो आयुष्यात प्रथमच बोलत होता, त्यामुळं दोघी आधी त्या धक्क्यातच होत्या.

"मग आता परत कसा घेणार?" ऑर्गनबाई भानावर येत म्हणाल्या. "दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही, गादीवाले. शास्त्रात बसत नाही."

"म्हणून म्हणतो बाई, पोरीला स्टूल नेऊ द्या. तुम्हाला दुसरं करून देतो."

"वा रे वा! साध्या स्टुलाचे पैसे भरले होते, ते आशीर्वादासकट निघालं, आणि आता सोडू होय? माझे गुडघे बघा एकदा."

"मावशी, थांबा हो जरा," धाकटी म्हणाली. "बाबा, काय दिलंत त्याला? कळू तरी द्या."

गादीवाल्यानं घसा साफ केला. "जिथं ठेवतील तिथं घट्ट उभी राहा. दमल्याभागल्यांना तुझ्यापाशी विसावा मिळो. कुणी कितीही भार टाकला तरी तुझ्यातून कुरकुर न येवो. आणि तुला चांगलं घर मिळो."

"अगं बाई!" ऑर्गनबाईंनी स्टुलाकडं कौतुकानं पाहिलं. "अगदी माप घेऊन शिवल्यासारखा बसलाय."

धाकटी हसली नाही. "हा माझ्यासाठी जुळवला होता?"

"कितीतरी दिवस."

"मग बरं झालं त्याला गेला." ती बॅगेवर मटकन बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "पण बाबा, एकच होता का तुमच्याकडं? माझ्यासाठी काहीच उरलं नाही?"

गादीवाल्याचा हात सवयीनं खिळ्यांच्या डब्याकडं गेला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं. तो उठला, तिच्यापाशी आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे केस मखमलीसारखे नव्हते. दाट, राठ आणि आईवर गेलेले होते. एकेक शब्द खिळ्यासारखा जिभेनं ओठांवर आणून तो कितीतरी वेळ चाचपत राहिला. कापूस तरंगत राहिला.

"तुझ्यावर कुणी पाय ठेवू नये," तो म्हणाला. थांबला. आपण काय म्हणालो ते त्यानं स्वतःच ऐकलं. "ठेवलाच, तर कुरकुर कर. नुसती कुरकुर नको, ओरड. कुणी ठेवतील तिथं राहू नकोस, देव नेईल तिथं जा. दमलीस तर दमले म्हण. वर बघत जा. ढग चुकले तर चुकू देत, ते काही रागावत नाहीत. आईसारखी बोल, माझ्यासारखं तोंड मिटून बसू नकोस. देव तुझ्या पुढं चालो, आणि तू मागं राहिलीस, तर त्यानं थांबून वळून बघावं."

"आमेन," ऑर्गनबाईंनी सुरात म्हटलं. त्यांना स्टुलाचा विसर पडला होता. भिंतीपलीकडं न्हाव्याची कात्री थांबली होती.

धाकटीनं डोळे मिटले होते. बाबांचा हात अजून डोक्यावरच होता, जड आणि ऊबदार, आणि तो हलत नव्हता. आईनंही कधी एवढा वेळ ठेवला नव्हता. तिच्या मिटल्या पापण्यांमागं पांढरे ढग सावकाश सरकत होते, आणि एकाही ढगाला कुठं जायची घाई नव्हती.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला.

"बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "निघू ना?"

बाबांनी हात जरासा हलवून पाहिला. मग ऑर्गनबाईंकडं वळून ते अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाई, शेजारच्या न्हाव्याला जरा बोलवता का? म्हणावं, कात्री घेऊन ये. गोंद वाळला."