ग्रां बुआचा गोवर्धन

"जयदेव, ढोलकी थांबवू नको रे!" गोवर्धन ओरडला.

मी कसली थांबवतोय! रोझ हिलच्या स्टेडियममध्ये आमच्या क्लबने नुकताच बरोबरीचा गोल मारला होता, आणि माझे हे भावजी बाकावर चढून स्वतः रचलेलं गाणं म्हणत होते. शब्द आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीचे, चाल गणपतीत फेर धरून गातो त्या झाकरीची. आपल्या भाषेत सांगायचं तर असं:

मंत्र्याची मोटार लांब, दुकानाची रांग लांब,
तांदूळ मागायला गेलं की साहेब म्हणतो थांब!

चार हजार माणसं गात होती. समोरच्या बाजूचे, म्हणजे आमचे हाडवैरी, तेसुद्धा! आणि छपराखाली खुद्द मंत्रिसाहेब बसलेले. साल १९८०. आनंदाने माझ्या अंगावर काटा आला.

मग शेवटचं कडवं आलं आणि भावजींनी घात केला.

"ग्रां बुआचा गोवर्धन सांगे..."

झाकरीत रचणाऱ्याने शेवटी आपलं नाव गुंफायचं, ही आमचे पणजोबा उसाच्या मळ्यांवर राबायला जहाजातून या बेटावर उतरले तेव्हापासूनची रीत. निनावी गाणं म्हणजे चोरीचा माल. सवयीने तोंडातून निघून गेलं आणि चार हजार गळ्यांनी ते मंत्र्याला ऐकवलं, पत्त्यासकट: ग्रां बुआ हे आमचं गाव.

गोवर्धन सरकारी रस्त्यांवर रोलर चालवायचा. नऊ वर्षं हंगामी. कायम केल्याचं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं. सोमवारी साहेबाने पत्राऐवजी टाइप केलेला कागद पुढे सरकवला: हे गाणं माझं नाही, माझं नाव कुणीतरी खोडसाळपणे घातलं.

"लोकांच्या भावना दुखावल्यात," साहेब म्हणाला.

"कोणाच्या, साहेब? सगळे तर गात होते."

"पुढच्या सोमवारपर्यंत सही करून आण आणि कायम हो."

घरी माझी थोरली बहीण अनुसया कागद बघून म्हणाली, "करा की सही. नऊ वरसं धूळ खाल्लीत. गान्यानं चूल पेटते काय?"

"अगं, पन गानं माझंच हाय."

"आयो! मी कुठं नाय म्हंते?"

आठवडाभर तो कागद त्याच्या खिशात चुरगळत राहिला.

मग मी अक्कल चालवली. बसमध्ये, बाजारात, जो आपला माणूस भेटेल त्याला सांगितलं: गाणं गा, पण नाव गिळा. तिथे तीन टाळ्या वाजवा. गोवर्धनची नोकरी वाचवा. सगळे एका शब्दात कबूल झाले. फुटबॉलवाले भांडखोर असतील, पण माणसं जिवाची.

रविवारी स्टेडियममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिला गोल झाला आणि गाणं उसळलं. भावजी गप्प बसून होते, हात गुडघ्यांत धरून. शेवटचं कडवं आलं. टाळी, टाळी, टाळी. नाव नाही! मी खूश होऊन त्यांच्याकडे बघितलं, तर चेहरा पांढराफटक.

"ह्ये कोनी शिकवलं?"

"मीच, भावजी. तुमच्यासाठी."

"म्येलो काय मी?" असं म्हणून ते बाकावर चढले आणि एकट्याने, गळा फाटेपर्यंत, आपलं नाव गायले.

काय गर्जना झाली म्हणता! समोरचे वैरीसुद्धा "ग्रां बुआ! ग्रां बुआ!" ओरडायला लागले. पुढ्यातल्या पोलिसाने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हसण्याने हलत होते. मी बोटं फुटेस्तोवर ढोलकी बडवली.

सोमवारी भावजींनी कागद परत केला. सही केली होती, पण मागच्या बाजूला. तिथे अख्खं गाणं लिहून त्याखाली. साहेबाने रोलरची किल्ली तिथल्या तिथे काढून घेतली. भावजींनी बस सोडून दिली आणि ते आपणच दाबलेल्या रस्त्यावरून चालत घरी आले.

मी दारातच बसलो होतो, बहिणीचा तोंडाचा पट्टा ऐकायच्या तयारीने. ती नळावर तांदूळ धूत होती. तिने नवऱ्याचा चेहरा बघितला आणि सगळं ओळखलं.

"पाय धुवा," एवढंच म्हणाली.

मग हळूच गुणगुणायला लागली. तीच चाल. शेवटचं कडवं जवळ आलं तसा मी श्वास रोखला, कारण लग्नाला सतरा वर्षं झाली, पण उखाण्याखेरीज तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"ग्रां बुआचा गोवर्धन सांगे," ती गायली, आणि तांदळातलं पाणी ओतून दिलं.