शिकारणीच्या पाठीवर बसलेला सेन्सर

मित्रांनो, मी म्हातारा झालेला एक सेन्सर आहे. हसू नका. आमच्या जातीत दोन पावसाळे काढले की म्हातारपण आलंच. आकाराने मी तांदळाच्या कणीएवढा. तळहातावर घेऊन बसाल आणि नेमकी शिंक आली, तर माझी गोष्ट तिथेच संपली. माझं काम एकच. अंगावर किती उजेड पडतो ते मोजायचं आणि पोटात साठवायचं. मोजतो, डोळा लागतो, लगेच जाग येते, पुन्हा मोजतो. अशा जन्मात स्वस्थता कुठून येणार? मी जन्मजात चुळबुळ्या आहे.

दूर परदेशातल्या एका प्रयोगशाळेत मला घडवलं. पाठीवर ऊन खाणारी इवली काच बसवली, पोटात बॅटरीचा ठिपका. मग डबीत बसून, विमानातून, मोठ्या थाटात मी गोव्यात, मोपाच्या विमानतळावर उतरलो. आणि नेमणूक कुठे झाली? गोगलगायीच्या पाठीवर!

मला आणलं तनयाने. पेडण्यातल्या एका नदीकाठच्या गावची ही मुलगी गोगलगायींवर संशोधन करते. तिच्या गावासमोर नदीत एक बेट आहे, गावकरी त्याला जुवें म्हणतात. मध्ये देवीची घुमटी, भोवती दाट झाडी आणि घुमटीसमोरच्या उघड्या कडेला उन्हातली झुडपं. त्या झुडपांवर करंगळीच्या नखाएवढी एक पिवळी गोगलगाय राहते. अशी पिवळी आणखी कुठेच सापडलेली नाही. पूर्वी ती बेटभर असायची. मग कुणीतरी हौसेने रोपं आणली आणि त्यांच्या मातीतून एक तपकिरी, लांब मानेची गोगलगाय बेटावर आली. तिला पाल्यात गोडी नाही. ती दुसऱ्या गोगलगायी खाते.

पिवळी नाजूक, तिला ओझं नको, म्हणून तनयाने माझी भावंडं तिच्या शेजारच्या पानांना चिकटवली. मला मात्र गोंदाचा थेंब लावून त्या तपकिरी शिकारणीच्या पाठीवर बसवलं. मला फार राग आला. भावंडं साधूंच्या सोबतीला आणि मी दरोडेखोराच्या!

काय सांगू तुम्हाला ते दिवस! पाचोळ्यावर एखादी चकचकीत रेषा दिसली की ही तिच्या मागावर निघे. रेषा संपे तिथे वाट चुकून सावलीत आलेली एखादी पिवळी असे. मला ओरडता येत नाही. उजेड कमी, उजेड कमी, एवढंच मी मोजत राही.

एके दिवशी ती कडेच्या झुडपांकडे वळली. माझे आकडे चढू लागले. आणखी थोडे चढले आणि ती थबकली. शिंगं आत ओढली, मुकाट मागे फिरली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिला ऊन सोसत नव्हतं! पिवळीला मात्र तेवढं ऊन चालतं.

तनयाने वाचनयंत्र माझ्याजवळ धरलं, आकडे पाहिले आणि परतताना होडीत उभी राहून नाचली. होडी उलटता उलटता राहिली. ‘‘उन्हाचा कुंपण आसा, आई!’’ घरी जाऊन तिने आपल्या आईला, देवकीला सांगितलं. वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. शाईचा डाग वाटावा असा, पण आला.

मग भाद्रपदात नव्याचा सण आला. नव्या भाताची कणसं घेऊन गाव होड्यांतून बेटावर येतो आणि घुमटीसमोर देवीसाठी माटव, म्हणजे मांडव घालतो. तो माटव हाताने मोडायचा नाही, आपोआप पडेल तेव्हा पडेल, अशी इथली रीत. नारळाच्या झावळ्यांचा, म्हणजे चुडतांचा, माटव तो, पावसात कुजून लवकरच खाली येई. या वर्षी मात्र तनयाच्या वडिलांनी, शिवदासांनी, त्यावर ताडपत्री घातली. डिचोलीच्या खाणींवर त्यांचा टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, होता. खाण थांबली, टिपर विकला, आठवण म्हणून तेवढी ताडपत्री ठेवली होती. घरातली सगळ्यात मजबूत वस्तू त्यांनी देवीला दिली. तनया तेव्हा पणजीला माझे आकडे दाखवत होती.

मला काही कळेना. माझी शिकारण कडेला गेली आणि माझे आकडे चढलेच नाहीत. ती थबकली नाही. ताडपत्रीच्या सावलीतून सरळ झुडपावर चढली. मी मोजत होतो, उजेड कमी, उजेड कमी, आणि पानाखाली पिवळी झोपली होती. मित्रांनो, पुढचं मला सांगवत नाही.

तनया परतली तेव्हा झुडपांखाली रिकामे शंख पडले होते. थोड्याच पिवळ्या उरल्या होत्या. तिने तशीच होडी पाठवून आईवडिलांना बोलावून घेतलं. गावचे मानकरी मधुकरही आले.

‘‘बाबा, ही ताडपत्री काढूक व्हयी.’’

‘‘देवीक घातलेलो माटव हातान मोडूचो नाय गो,’’ शिवदास म्हणाले. ‘‘पडतलो तेन्ना पडतलो.’’

‘‘चुडतां कुजून पडतत. ही कशी पडतली? खाणीच्या धुळीक ती पुरून उरली!’’

तनयाने रिकामे शंख त्यांच्या तळहातावर ठेवले. शिवदासांनी एकेक शंख उलटून पाहिला. मग हळूच म्हणाले, ‘‘मियां चांगल्याक घातली गो.’’ तनयाचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही.

तेवढ्यात देवकी पुढे झाली. ‘‘वर्साक देवीक पालखीत घालून उचलतत मां? मगे तिचो माटव उचललो तर काय पाप लागता?’’

मधुकर हनुवटी खाजवत राहिले. देवीचं काम, घाई करून कसं चालेल! शेवटी म्हणाले, ‘‘उचलूचो म्हणजे मोडूचो न्हय. पण एकय मेढ मोडता नये.’’

मग काय विचारता! सकाळी होड्या भरून माणसं आली. सगळ्या मेढी, म्हणजे खांब, एकदम उपटले गेले आणि ताडपत्रीसकट अख्खा माटव बेटावरून चालू लागला. पुढचा खांब शिवदासांच्या खांद्यावर. ‘‘सांबाळून! माझ्या पायार नको रे!’’ असं सगळ्यांना ओरडत त्यांनी तो घुमटीच्या मागे, जुन्या वडाच्या सावलीत नेऊन उभा केला.

इकडे झुडपांवर ऊन पडलं. माझे आकडे झरकन चढले. माझी शिकारण आकसली आणि पानावरून खाली पडली. तनयाने तिला उचललं, मला तिच्या पाठीवरून सोडवलं आणि तिला बरणीत ठेवलं. मला वाईटही वाटलं. ती काही स्वतःहून या बेटावर आली नव्हती.

आता मी एका पानाला चिकटलो आहे. शेजारी एक पिवळी आहे. तिची पिल्लं होतील का, बेटावर पुन्हा तिचा वावर वाढेल का, मला माहीत नाही. ढग आला तरी माझ्या काळजाचं पाणी होतं. काल शिवदास येऊन गेले. झुडपापासून लांब उभे राहिले, आपली सावली कुठे पडते ते पाहिलं आणि आणखी दोन पावलं मागे सरले.

मित्रांनो, माझी बॅटरी थकत चालली आहे, म्हणून एवढंच मागतो. कुणावर मायेनं सावली धरायची असेल, तर आधी खाली वाकून बघा, तिथे कोण उन्हावर जगतंय. मला फक्त मोजता येतं. हाक तुम्हीच मारायची आहे.